आधी इन्स्टॉलर, मग टूलकिट

डेस्कटॉप ॲप करायचं ठरलं की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: ‘इलेक्ट्रॉन घ्या. वेबवाली मुलं सहज मिळतात, एकाच कोडवर विंडोज, मॅक आणि लिनक्स होतं, रॅम स्वस्त आहे. पॅकेजिंगचं शेवटी बघू.’

यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ कोड इलेक्ट्रॉनवरच चालतो आणि उत्तम चालतो. पण त्यामागे मायक्रोसॉफ्टचं मनुष्यबळ आहे. तो दाखला दोघातिघांच्या गटाला लागू पडत नाही. इलेक्ट्रॉनचं प्रत्येक ॲप आपल्यासोबत अख्खं क्रोमियम घेऊन येतं. साधी पावती छापणारा प्रोग्रामही त्यामुळे शंभर एमबीच्या पुढे जातो. आकार एक वेळ सोसता येईल, पण क्रोमियममध्ये सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवण्याची जबाबदारीही ॲप देणाऱ्यावरच येते. इलेक्ट्रॉनची नवी मुख्य आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि आधार फक्त शेवटच्या तीन आवृत्त्यांना मिळतो. एकदा ॲप देऊन मोकळं होणाऱ्याने हा मार्ग घेऊ नये. रॅम स्वस्त असेलही, पण ती विकत घ्यायची असते वापरणाऱ्याला.

‘शेवटी बघू’ हे तर त्याहून घातक. पायथॉनचे प्रोग्राम पॅक करणारं पायइन्स्टॉलर लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी बनवत नाही. नव्या लिनक्सवर बांधलेली फाइल जुन्या ग्लिबसीवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर, अडू शकते. मॅकओएस १०.१५ पासून, म्हणजे २०१९ पासून, ॲपल स्टोअरबाहेरच्या ॲपचंही नोटरायझेशन, म्हणजे आपल्याकडची तपासणी, मागतं. सही नसलेल्या नव्या इन्स्टॉलरवर विंडोज धोक्याची सूचना दाखवतं, आणि आपण ग्राहकाला ‘तरी चालवा’ दाबायला शिकवतो. उद्या खरा व्हायरस आला तरी तो तेच दाबेल.

म्हणून निवड वापरणाऱ्याच्या मशीनपासून सुरू व्हावी. फॉर्म, तक्ते आणि छपाई असं काम असेल तर क्यूटी घ्यावं. एलजीपीएलच्या अटी पाळल्या तर बंद कोडच्या ॲपलाही ते चालतं, आणि त्यातल्या अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझमुळे देवनागरी जोडाक्षरं नीट उमटतात. स्क्रीन वेबचेच हवे असतील तर टाउरी पाहावं. ते सिस्टिममधलाच वेबव्ह्यू वापरतं, म्हणून इन्स्टॉलर लहान राहतो. मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्सवर हा वेबव्ह्यू वेगवेगळा असल्याने चाचणीही तिन्हीकडे करावी लागते.

टूलकिट कोणतंही असो, पहिल्याच आठवड्यात रिकामी खिडकी पॅक करा, तिच्यावर सही करा, आणि डेव्हलपरचं एकही साधन नसलेल्या जुन्या मशीनवर ती बसवून, चालवून, काढून पाहा. ज्या टूलकिटला हे जमत नाही, ते त्याच दिवशी बाद करा.