तासावरची माणसं

२०१४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. नांदेडच्या स्टेशनवर आम्ही देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहत उभे होतो. मुंबईहून मला दक्षिण कोरियाचं विमान गाठायचं होतं. दोन बॅगा, एक हँडबॅग आणि आईनं बांधून दिलेली काळ्या मसाल्याची नि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. गाडीचा दिवा दिसायला लागला तशी आई एकदम म्हणाली, "तिथं जाऊन तू लेकरायला इंग्रजीच शिकवनार ना? मंग ते इथं का नाही जमलं?"

मी हसून वेळ मारून नेली. बायकोनं बॅगा मोजल्याचं सोंग केलं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत चढला तो आजतागायत उतरलेला नाही.

इथं जमलं नव्हतं असं नाही. अकरा वर्षं मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या महाविद्यालयांत इंग्रजीच शिकवत होतो. फक्त 'तासिका तत्त्वावर'. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. दिवाळीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत आणि त्याच प्रमाणपत्रांच्या नव्या झेरॉक्स. बिलं वर जातात आणि कधी कधी वर्ष उलटल्यावर खाली येतात. मी सेट झालो, आमच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पीएच.डी. झाली, पण 'डॉक्टर' ही उपाधी धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत छापण्यापलीकडे कामी आली नाही. कायम जागेची जाहिरात क्वचित निघे. निघाली, तर संस्थेची काही 'अपेक्षा' असे. ती पुरी करण्याइतकं वावर आमच्याकडे नव्हतं.

अशात एका मित्रानं कोरियातल्या जागेची माहिती धाडली. तिकडं इंग्रजी संभाषण शिकवण्याचा जो नेहमीचा व्हिसा आहे तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० साली भारत आणि कोरियातला आर्थिक करार अमलात आला, तेव्हा शाळांतल्या सहायक शिक्षकांसाठी आपल्यालाही दार थोडं किलकिलं झालं. विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा व्हिसा मात्र वेगळा. त्याला पदवी आणि नेमणुकीचं पत्र लागतं. कोरियातली विद्यापीठं तेव्हा परदेशी प्राध्यापकांची संख्या वाढवण्याच्या मागे होती. त्या संख्येत कंधार तालुक्यातला, मराठी माध्यमात शिकलेला, पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेला मी एक आकडा म्हणून बसलो. शहर देगू. दक्षिणेकडचं, उन्हाळ्यासाठी कोरियाभर बदनाम. म्हटलं, उन्हाचं आम्हाला काय कौतुक!

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकानं मला माझं जन्मसाल विचारलं. मला ते उद्धटपणाचं वाटलं. मग कळलं की, कोण मोठा नि कोण धाकटा हे ठरल्याशिवाय त्यांना वाक्याचं क्रियापदच पुरं करता येत नाही. आपल्या तू, तुम्ही आणि आपण यांच्यापेक्षाही तिथल्या पायऱ्या जास्त. आपण नाही का नव्या माणसाला गाव विचारतो, आणि गावाच्या आडून आडनाव काढून घेतो! त्यांचा प्रश्न निदान आडवळणाचा नव्हता.

हळूहळू रीत समजू लागली. वडीलधाऱ्याला काहीही देताना-घेताना दोन्ही हात लावायचे. संध्याकाळी विभागाचं जेवण असलं तर ते टाळायचं नाही. त्याला 'ह्वेशिक' म्हणतात आणि ते नोकरीचाच भाग असतं. मी माळकऱ्याचा मुलगा, पीत नाही. विभागप्रमुखांनी माझ्या इवल्याशा पेल्यात लिंबाचं सरबत ओतलं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून, मोठ्यांसमोर मद्य पिताना फिरवतात तसं तोंड बाजूला फिरवून प्यायलो. सगळे खूश झाले. खानावळीतल्या बाईंना ते 'इमो' अशी हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. आपल्याकडे कॉलेजात घंटा देणाऱ्या बाई 'मावशी' असतात, अगदी तसंच. त्या हाकेनं मला त्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

आणि एक शब्द होता 'नुन्ची'. समोरच्यानं न बोललेलं त्याच्या नजरेवरून ओळखायचं. सूचना तोंडी येत नाहीत, कागदावर उशिरा येतात. तुम्ही ताडून असायचं. आपल्याकडच्या जुन्या सुनांना हे कोरियन लोकांपेक्षा चांगलं जमेल.

वर्गात मात्र सुरुवातीला घाम फुटला. प्रश्न विचारावा तर चाळीस मुलं वहीत डोळे घालून गप्प. अमेरिकेतून आलेले सहकारी याला 'इथली संस्कृती' म्हणत. मला त्या मुलांच्या चुका ओळखीच्या वाटल्या. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं, 'घरात'मधला 'त' असतो तसे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात आणि 'ए', 'ॲन', 'द' यांचा पत्ता नसतो. त्यांचं अडखळणं म्हणजे माझंच पाचवीतलं अडखळणं होतं. ज्यांना ही भाषा आईच्या दुधातून मिळाली, त्यांना चूक दिसे. ती का झाली हे मला ठाऊक असे. एकदा मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं, प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिहिला, आणि सबंध वर्गानं त्याच क्रमानं कोरियन वाक्य म्हणून दाखवलं. त्या दिवसानंतर मुलं बोलायला लागली.

त्यांच्यावरचं ओझंही मला परकं नव्हतं. नोव्हेंबरात होणाऱ्या त्यांच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी असते, तेव्हा अर्धा तास देशभरातली विमानं उतरत-उडत नाहीत. शिकवण्या रात्री दहाला बंद झाल्या पाहिजेत असा नियम सोलमध्ये करावा लागला. 'लातूर पॅटर्न'च्या मुलखातून गेलेल्या माणसाला यात नवल ते काय!

पहिल्याच सत्रात, १६ एप्रिल २०१४ ला, सेवोल नावाची बोट बुडाली. ३०४ माणसं गेली. त्यातली २५० एकाच शाळेची सहलीला निघालेली मुलं होती. 'जागेवरून हलू नका' अशी सूचना बोटीवर वारंवार दिली गेली होती. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या शांततेचा मला धाक वाटला. पण हीच गप्प मुलं २०१६ च्या हिवाळ्यात दर शनिवारी मेणबत्त्या घेऊन राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, त्याही पार्क यांच्या जन्मगावी, देगूत. मार्च २०१७ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. तेव्हा गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. कुठं बोललं तर काय गमवावं लागेल, याचा तो हिशेब होता.

हे मला नीट समजलं ते एका सहकारी बाईंमुळे. अमेरिकेत डॉक्टरेट केलेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि कितीतरी चांगलं शिकवणारी कोरियन बाई. तिला खोली नव्हती, दारावर पाटी नव्हती. तीन गावांतल्या तीन विद्यापीठांत ती तास घेई. पुस्तकं गाडीच्या डिकीत. दोन तासांच्या मधल्या वेळेत ती माझ्या खोलीत येऊन बसे. मला मात्र वर्षाचा करार होता, राहायला जागा होती, दारावर माझं नाव कोरियन अक्षरांत कोरलेलं होतं. घरची लेक ओसरीवर आणि पाहुणा माजघरात, असा प्रकार.

एकदा मी तिला विचारलं, तुझ्या हुद्द्याला काय म्हणतात? ती म्हणाली, 'शिगान कांग्सा'. शिगान म्हणजे तास, कांग्सा म्हणजे व्याख्याता. मी हातातला चहा खाली ठेवला. शब्दाला शब्द, आमचंच नाव! लोक त्यांना थट्टेनं बोचकं घेऊन दारोदार फिरणारे फेरीवालेही म्हणतात, असं तिनं सांगितलं. विद्यार्थी तिला 'क्योसुनिम', म्हणजे प्राध्यापकसाहेब, म्हणूनच वाकून नमस्कार करत. मानात काही कमी नव्हतं.

कधी विभागाच्या चर्चेला तिला बोलावलं, तर ती अवाक्षर काढत नसे. मी तेही 'संस्कृती'च्या खात्यावर टाकलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "पुढच्या सत्राला नको असले तर मला कुणी काढत नाही. फक्त फोन येत नाही. मग मी मतं कशाला मांडू?"

२०१० साली ग्वांगजूतल्या अशाच एका तासिका प्राध्यापकानं आत्महत्या केली. त्यावर देश हळहळला, २०११ च्या अखेरीला कायदा झाला, आणि मग तो पुन्हा पुन्हा पुढं ढकलला गेला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये तो अमलात आला. आता त्यांना कायद्यानं शिक्षकाचा दर्जा आहे, किमान वर्षाचा करार आहे, तीन वर्षांपर्यंत फेरनेमणुकीची रीतसर प्रक्रिया आहे, सुट्टीतही काही वेतन आहे. मात्र तो लागू होण्याआधीच अनेक विद्यापीठांनी असे व्याख्याते कमी करून टाकले. बाईंचं पत्र आलं होतं. तिच्या तीन विद्यापीठांतलं एकच उरलं.

माझा करार त्याआधीच, फेब्रुवारी २०१७ मध्ये संपला होता. जन्मदर घटतोय, विद्यार्थी कमी होताहेत, असं सांगण्यात आलं, आणि ते खरंच होतं. कुणी अपमान केला नाही. निरोपाचं जेवण झालं. भेटवस्तू मला दोन्ही हातांनी दिली गेली.

कोरियातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये तिकडं लाचलुचपतीविरुद्ध एक कडक कायदा लागू झाला. पोलिसांकडे पहिल्याच दिवशी आलेली पहिली तक्रार अशी होती की, एका विद्यार्थ्यानं प्राध्यापकाला कॉफीचा डबा दिला. पुढं माझ्याही टेबलावर कुणी असा डबा ठेवला तर तो परत करावा लागे. आणि नांदेडला परतल्यावर दोन-अडीच वर्षांनी मला एका महाविद्यालयात कायमची जागा मिळाली, तेव्हा कोरियात साठवलेल्या पैशांचा मोठा वाटा कुठं गेला, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मी ते केलं. त्याचं समर्थन माझ्याजवळ नाही.

आज मी विभागप्रमुख आहे. आमच्या विभागात तासिका तत्त्वावरचा एक मुलगा आहे. नेट झालेला, पीएच.डी. झालेला, रोज लोह्याहून एस.टी.नं येतो. दोनदा सोयरीक मोडली. 'पोरगा प्राध्यापक आहे, पण तासावर' एवढं कळलं की पाहुणे चहा पिऊन उठतात. मागच्या वर्षी बैठकीत मी अभ्यासक्रमाबद्दल त्याचं मत विचारलं. तो उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल तसं."

मला बरं वाटलं. मनात म्हटलं, किती संस्कारी मुलगा! घरी येऊन जेवायला बसलो आणि ती कोरियन बाई आठवली. घास उतरेना. त्याच्या भीतीला मी संस्कार म्हणत होतो. कोरियात माझे अमेरिकन सहकारी तिच्या भीतीला संस्कृती म्हणत होते. दोन्हीकडे असं म्हणणाऱ्यांच्या खुर्च्या पक्क्या होत्या.

रिकाम्या जागा सरकारनं भराव्यात हे खरंच आहे, आणि ते लिहून बोटं झिजली आहेत. पण विभागप्रमुखाच्या हातात काहीच नसतं, ही थाप आहे. बिल वेळेवर सही करून पाठवणं, नेमणुकीचं पत्र पहिल्या आठवड्यात देणं, अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला खेटे घालायला न लावणं, परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं ओझं फक्त त्याच्याच डोक्यावर न टाकणं, ही कामं मुंबईला विचारून करावी लागत नाहीत. आणि पालकांनो, तुम्हीही एक करा. शिकवणीला लाखानं पैसे भरताना तुम्ही तिथल्या शिक्षकांची कुंडली काढता. मुलाला महाविद्यालयात घालताना तिथंही विचारा, की या विभागात कायम शिक्षक किती आणि तासावरचे किती? पुढच्या फोनची वाट पाहणारा माणूस तुमच्या मुलांना निर्भयपणे बोलायला कसा शिकवणार?

आई आता थकली आहे. त्या मुलाला मी एकदा घरी जेवायला आणलं होतं, तेव्हापासून ती त्याची चौकशी करते. परवा म्हणाली, "त्या लोह्याच्या पोराचं काही झालं का रे?"

मी म्हटलं, "त्याचं बिल पाठवलंय."

"बिलाचं नाही," ती म्हणाली, "त्याचं विचारूलाले मी."