पैसा परका, हिशेब आपला

अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष डोळ्यांनी पाहावा, कँडीच्या दंतधातू विहारात वंदना करावी, ही आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयाबायांची इच्छा असते. भिशी लावून, ओव्हरटाइम करून आम्ही काही कुटुंबांनी पैसा साठवला आणि 2024 साली श्रीलंकेला जाऊन आलो. जे पाहिले त्यावर पुष्कळ लिहिता येईल. पण आज पैशाविषयी लिहितो, कारण तिथे आम्ही चुकलो. आम्हाला कुणी फसवले नाही, चूक आमचीच.

तिथलाही पैसा रुपयाच. नाव एक, म्हणून घोळ. त्या वेळी आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन रुपये मिळत. पहिल्याच दुपारी खानावळीत भाताच्या ताटाचे सातशे रुपये ऐकून आमच्यातल्या एक मावशी "मला भूक नाही" म्हणाल्या आणि बिस्किटांवर दिवस काढला. ते आपले दोनशे रुपये होते! उलट एका दादांना पाच हजारांची नोट म्हणजे खेळातला पैसा वाटला. मुलीच्या फीसाठी राखलेलेही त्यांनी मोडले. एक उपाशी राहिली, एकाने उधळले. चूक दोघांची एकच. दोघांनी नोटेवरचा आकडा पाहिला, किंमत पाहिली नाही.

बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. परक्या चलनाशी रुपयाचा दर काय, यापेक्षा त्या रुपयात देशात काय विकत मिळते, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. श्रीलंकेच्या कष्टकऱ्यांनी हे अंगावर सोसले आहे. 2022 च्या मार्चच्या आरंभी डॉलरला दोनशेच्या आसपास असलेला त्यांचा रुपया मे महिन्यात साडेतीनशेच्या पलीकडे गेला. गॅस, पेट्रोल, औषधे यांसाठी लोक रांगेत उभे राहिले. तेव्हा शहाळेवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालताना तोही आपल्यासारखाच पोट भरणारा आहे, हे विसरू नये.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. डॉलर घ्यायचे ते परवाना असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावेत आणि पावती मागावी. नोटा फाटक्या, डागाळलेल्या नकोत. तिथे कुणी घेत नाही. कोलंबोच्या विमानतळावर बँकांच्या खिडक्या आहेत. दोन-तीन ठिकाणी दर विचारावा आणि लागतील तेवढेच बदलावेत. ती पावतीही जपावी, उरलेले पैसे परत बदलताना कामी येते. रस्त्यावर "जास्त दर देतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. कार्ड वापरताना यंत्राने विचारले, तर तिथल्याच रुपयात बिल करावे. आपल्या रुपयात केले की बहुधा दर महाग पडतो. आपली यूपीआयची सोय फेब्रुवारी 2024 पासून तिथल्या काही दुकानांत सुरू झाली आहे. पण ती परदेशासाठी आधी चालू करून घ्यावी लागते. रिक्षा, टपरी, लहान खानावळ यांसाठी सुटे पैसे हवेतच. रिक्षात बसण्याआधी भाडे ठरवावे. नोट देताना शून्ये मोजावीत. पाचशे आणि पाच हजार यांत एकाच शून्याचा फरक.

दुसऱ्या रात्री आम्ही वहीच्या कागदावर हिशेब मांडला: शंभर म्हणजे आपले एकोणतीस, पाचशे म्हणजे एकशे त्रेचाळीस, हजार म्हणजे दोनशे शहाऐंशी. दर रोज बदलतो. तुम्ही जाल त्या दिवशीचा दर घेऊन तसाच कागद करा. आणि तो एकट्या घरधन्याच्या खिशात ठेवू नका. घरातल्या बाईजवळ एक असू द्या, शाळेत जाणाऱ्या मुलाजवळ एक. सगळा पैसाही एकाच पिशवीत नको.

कागद हाती आल्यावर त्याच मावशींनी तिसऱ्या दिवशी खानावळीत आम्हा सगळ्यांचे बिल तपासले. बिलात एक ताट जास्त लावले होते. त्यांनी बोट ठेवून दाखवले, मालकाने लगेच कमी केले. त्या दिवशी मावशी पोटभर जेवल्या.