तारापूरच्या टाक्यांचा हिशेब गावाला द्या!



तारापूरची अणुभट्टी 1969 पासून वीज करते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण भट्टीतून निघालेल्या वापरलेल्या इंधनाचं पुढं काय होतं, हे पाड्यावर येऊन कुणी सांगत नाय. ते काही वर्षं पाण्यात थंड करतात. मग कांड्या तोडून ॲसिडात विरघळवतात आणि त्यातून प्लुटोनियम, युरेनियम पुन्हा वापरायला काढतात. हीच पुनर्प्रक्रिया. तिचा दुसरा कारखाना तारापूरला जानेवारी 2011 मध्ये सुरू झाला.

सरकार म्हणतं, यानं कचरा कमी होतो. हे अर्धंच खरं. मागं उरतं ते ॲसिडाचं पाणी सगळ्यात जहाल. काचेत गोठवेपर्यंत ते पोलादी टाक्यांत ठेवतात. ते आपोआप तापतं, म्हणून रात्रंदिवस थंड करावं लागतं. 1957 साली रशियात मायाकला अशाच एका टाकीचं थंड करणं बंद पडलं. टाकी फुटली, गावंच्या गावं उठवावी लागली. आपल्या देशात कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात जानेवारी 2003 मध्ये सहा कामगारांना जादा किरणोत्सर्ग लागला.

उद्या तारापूरला असंच होईल, असं आम्ही म्हणत नाही. गावातला प्रत्येक आजार तिथूनच आला, असंही तपासल्याशिवाय म्हणणार नाही. पण तपासतो कोण? 2000 साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे कारखाने अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढले आणि केंद्राच्याच समितीकडे दिले. म्हणजे शेत ज्याचं, पंचनामाही त्याचाच!

त्यात नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरायला लागली. भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत बाहेर झोपली. त्या टाक्या किती धक्का सोसतील?

हा प्रश्न एकट्या आदिवासींचा नाय. याच रेल्वे लाईनवर मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या इमारतींत राहणाऱ्यांनीही तो विचारावा. वारा पाडा आणि सोसायटी वेगळी ओळखत नाही.

कायद्याचं बोट दाखवून गुप्ततेचं कारण देतील. आम्हाला गुपित नको. प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करून एवढंच लेखी मागावं:

1. टाक्यांत जहाल पाणी किती आहे? थंड करणं बंद पडलं तर दुसरी सोय काय?
2. विहिरी, मासळी, दूध यांची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांकडून करा, निकाल मराठीत चावडीवर लावा.
3. अपघात झाला तर कुठल्या रस्त्यानं, कुठल्या गाडीनं, कुठं जायचं?

ठरावावर सह्या-अंगठे घ्या. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

लढेंगे, जितेंगे!