कुंपण नसलेले क्रीडांगण

कॅलिफोर्नियात पॅसाडेना शहरालगत ओकवृक्षांची एक जुनी राई आहे. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये येथेच डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. गोल्फचाच हा प्रकार. मात्र चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती आणि खळग्याऐवजी साखळ्यांची टोपली. आरंभी तर टोपलीही नव्हती, नुसते खांब होते!

धनिकांच्या गोल्फला विस्तीर्ण हिरवळ लागते आणि ती जगवण्यासाठी अमाप पाणी. येथे तसे काहीच लागत नाही. उभी झाडे हेच अडथळे, चढउतार हीच कसोटी. प्रवेशशुल्क नाही, चकती घेऊन कोणीही यावे. सार्वजनिक क्रीडांगणाची याहून सोपी कल्पना क्वचितच आढळेल.

परंतु ज्याला कुंपण नाही, ते मैदान एकट्या खेळाडूंचे राहत नाही. त्याच राईतून फिरावयास आलेली वृद्ध मंडळी आणि घोडेस्वारही जातात. वेगाने आलेली चकती चांगलीच इजा करू शकते. वाटेवर कोणी असताना फेक करू नये, हा खेळाचा शिष्टाचार आहे खरा. पण झाडाआडून येणारा माणूस दिसावा तरी कसा?

त्याहून मोठी हानी मूक आहे. सततच्या वर्दळीने माती घट्ट होते आणि मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. ज्या वृक्षांमुळे या मैदानाला शोभा, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते. फेकीच्या जागा आणि टोपल्या ठराविक काळाने हलवाव्यात, बुंध्यांभोवती लाकडाचा भुसा पसरावा, वाटा ओलांडणाऱ्या फेकी बंद कराव्यात. याला खर्च फारसा येत नाही. काही जुन्या खेळाडूंचा रोष मात्र पत्करावा लागेल.