मेंदूची पत्रिका

पूर्वपक्ष असा: एमआरआयमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो, पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड हे प्रथिन उजळतं, मणक्यातून काढलेल्या पाण्यात टाऊ हे प्रथिन मोजता येतं, रक्तावरून एपीओई-४ जनुक कळतं. हे सगळं संगणकाच्या हवाली केलं की अमुक माणसाचा अल्झायमर कधी आणि किती बळावणार, याची पत्रिका तयार!

यातली सामग्री खरी आहे, पत्रिका नाही. आणि हे या विषयातल्या लोकांनीच तपासून पाहिलंय. एडीएनआय हा अमेरिकेतला प्रकल्प २००४ पासून स्वयंसेवकांचे स्कॅन, रक्त आणि चाचण्यांचे गुण वर्षानुवर्षं जमवतो आहे. त्या माहितीवर २०१७ मध्ये टॅडपोल नावाची स्पर्धा झाली. (टॅडपोल म्हणजे बेडकाचं पिल्लू, पहिल्या आलेल्या चमूचं नाव ‘फ्रॉग’. शास्त्रज्ञांचा विनोद साधारण इतपतच असतो.) ३३ चमू, ९२ पद्धती. भाकितं आधी जमा करायची, तपासण्या नंतर व्हायच्या. त्यामुळे झालेल्या सामन्याचा निकाल ‘ओळखायची’ सोय नव्हती. पुढे २१९ जणांच्या तपासण्यांशी भाकितं ताडून पाहिली गेली. निदान काय असेल, हे बऱ्यापैकी सांगता आलं. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या किती रुंदावतील, हेही. पण स्मरण-आकलनाच्या चाचणीत त्या माणसाला किती गुण पडतील? इथे एकही चमू अंदाजपंचे मारलेल्या आकड्यांपेक्षा ठामपणे सरस ठरला नाही.

याला कारण आहे. पोकळी मोजता येते. चाचणीत मात्र माणसाला दहा शब्द दाखवतात, आठवतील तेवढे सांगायला लावतात, थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. आदल्या रात्री झोप लागली नसेल, ऐकायचं यंत्र घरी राहिलं असेल, तर दोन-तीन शब्द तिथेच गळतात. वर्षभरात रोगाने होणारा फरकही अनेकदा तेवढाच असतो. गजच हलता असल्यावर कापड कितीही नीट धरा. त्यात एडीएनआयमधले स्वयंसेवक बहुतांश गोरे आणि सरासरीने पदवीपर्यंत शिकलेले. चौथीत शाळा सुटलेल्या आपल्याकडच्या आजीचं भविष्य त्यांच्या आकड्यांवरून कसं सांगणार?

आता उलट बाजूचा पूर्वपक्ष, जो मला जास्त खटकतो: ‘उपाय नाही, मग कळून तरी काय करायचं?’ हेही आता तसंच्या तसं खरं राहिलेलं नाही. लेकॅनेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत १८ गुणांच्या मापावर ०.४५ गुणांचा फरक, म्हणजे फायदा माफकच, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका वेगळा. पण औषध सुरुवातीच्या टप्प्यातच द्यायचं आणि अमायलॉइड असल्याची खात्री करूनच. स्कॅनशिवाय किंवा मणक्यातल्या पाण्याच्या वा रक्ताच्या तपासणीशिवाय ती खात्री होणार कशी? जुन्या औषधचाचण्यांत मेंदूत अमायलॉइड नसलेलेही बरेच रुग्ण शिरले होते. अमायलॉइड काढणाऱ्या औषधाने त्यांचं काय भलं होणार होतं? लवकर ढासळू शकणारे लोक नेमके निवडता आले, तर कमी माणसांत, कमी काळात चाचणीचा निकाल लागेल. भाकिताचं खरं काम तिथे आहे. विमा कंपनीचंही असंच: तिला हजारातले किती जाणार ते कळतं, कोण ते कळत नाही. तिचा धंदा तेवढ्यावर चालतो.

म्हणूनच अल्झायमर कशाला म्हणायचं, या सध्याच्या वादात माझं मत ठरलेलं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या निकषांनी म्हटलं, जैविक खूण सापडली की रोग आहे, लक्षणं असोत वा नसोत. संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने हरकत घेतली: लक्षणं नसतील तर सहसा त्याला रुग्ण नव्हे, जोखीम असलेला माणूस म्हणा. मी कार्यगटाच्या बाजूने. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) अभ्यासातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. त्यांचे चाचणीतले गुण अखेरपर्यंत उत्तम होते. मृत्यूनंतर मेंदू तपासला, तर तो अल्झायमरच्या खुणांनी भरलेला निघाला. पहिल्या व्याख्येने त्या रुग्णच.