साखळीने मोजलेलं रान

युरोपीय शोधमोहिमा म्हटलं की आपल्याला कोलंबस आणि वास्को द गामाची गलबतं आठवतात. यवतमाळला समुद्र नाही. या भागात साहेब आला तो मोजणीची साखळी आणि थिओडोलाइट घेऊन. 1802 मध्ये मद्रासला सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे नेणारा विल्यम लॅम्ब्टन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. तिथून वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा.

लॅम्ब्टनला पृथ्वीचा आकार जाणून घ्यायचा होता, हे खरंच. पण त्याला पगार देणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीची भूक निराळी होती. 1853 मध्ये निजामाच्या थकलेल्या फौजखर्चापोटी वऱ्हाड तिच्या ताब्यात आलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडवला आणि आपल्या काळ्या मातीला एकाएकी मोल आलं. मग शेताचा सारा, डोंगरातला साग, वणीकडचा कोळसा, सगळ्याची कागदावर नोंद झाली.

या कागदांत कोलाम आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला हक्क म्हणून जागा मिळाली नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या त्यांच्या पोडांभोवतीचं, म्हणजे वस्त्यांभोवतीचं, रान सरकारी झालं आणि तिथे पिढ्या काढलेली माणसं घुसखोर ठरली. अमेरिकेत मूळ रहिवाशांचा घास बंदुकीने आणि देवीच्या साथीने घेतला; इथे ते काम बरंचसं दप्तराने केलं. गवतालाही परवाना लागू लागला, तेव्हा 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून कायदा मोडला. त्या जंगल सत्याग्रहाचा आपल्याला अभिमान आहे. मात्र रान कोणाचं, हा प्रश्न स्वराज्यातही दप्तरातच राहिला.

2006 च्या वनहक्क कायद्याने तो बाहेर काढला. कोलाम ही आदिम जमात. तिच्या अधिवासाचा हक्कही या कायद्याने मानला आहे. पुराव्यांच्या यादीत गॅझेटिअर आणि नकाशे आहेत, तसा वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. शिवाय अमुकच कागद आणा, असा हट्ट दावे तपासणाऱ्या समित्यांनी धरू नये, असं 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे.

तरीही साहेबाचा नकाशा भक्कम आणि पोडावरच्या म्हाताऱ्याचा शब्द कच्चा, अशी समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. ज्या कागदांनी हक्क नाकारला, त्यांनाच त्या हक्काचे एकमेव साक्षीदार मानणं हा न्याय नव्हे. दाव्यांच्या सुनावणीत आधी पोडावरच्या जाणत्यांचं ऐकावं. नकाशा त्यानंतर उघडावा.