नंबराच्या शेपटीतलं अक्षर

मैत्रिणींनो, मागच्या वेळी वॉशिंग मशीनविषयी लिहिलं त्यावर तुमची बरीच पत्रं आली. त्यांतल्या तीन पत्रांत मात्र वॉशिंग मशीनचं नावही नव्हतं. दोघींना मुलीसाठी आणि एकीला स्वतःसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार ‘आय-५ देऊ की आय-७?’ एवढंच विचारतो, त्याला काय सांगायचं, असा तिघींचा प्रश्न.

वाचून आधी हसू आलं आणि मग स्वतःचीच फजिती आठवली.

मी हायस्कुलात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मानधन कधी चार महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी हातात पडतं. ते साठवून, त्यात भिशीचे पैसे घालून २०२३ च्या मे महिन्यात मी ५८,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. माझ्या स्वतःच्या पैशांनी केलेली एवढी मोठी खरेदी ती पहिलीच. दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, डोळे मिटून घ्या, कुठलंही काम अडणार नाही.” खोटं नव्हतं ते. काम अडलं नाही, बॅटरी अडली. जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज गेली. समोर दहावीच्या चार मुली आणि दोघी गावाकडून ऑनलाइन बसलेल्या. सव्वा तासात पडदा काळा! शाळेत न्यावा तर शिक्षकांच्या खोलीत प्लग एकच, तोही पाण्याच्या फिल्टरनं अडवलेला. शिवाय चार्जर विटेएवढा. शेवटी लॅपटॉप घरच्या टेबलावरच बसून राहिला. आमचे ‘हे’ एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

दोष लॅपटॉपचा नव्हताच, माझ्या निवडीचा होता. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ‘आय-५’ हे नुसतं घराण्याचं नाव झालं. खरी ओळख पटते ती पुढच्या लांबलचक नंबराच्या शेपटीला चिकटलेल्या अक्षरावरून. इंटेलचे २०२२ सालचे दोन प्रोसेसर घ्या : आय-५ १२३५यू आणि आय-५ १२४५०एच. दोघेही आय-५, दोघेही बाराव्या पिढीचे. पण ‘यू’वाल्याचा मूळ खर्च १५ वॅटचा आणि ‘एच’वाल्याचा ४५ वॅटचा धरलेला असतो. ओढीचं काम आलं की थोडा वेळ पहिला ५५ वॅटपर्यंत आणि दुसरा ९५ वॅटपर्यंत चढू शकतो. शेगडीच्या लहान नि मोठ्या बर्नरसारखंच हे. चहाला मोठा बर्नर लावला तर चहा काही अधिक गोड होत नाही.

आता ‘एच’ म्हटला की तो अष्टौप्रहर ४५ वॅट खातो, असं मात्र नाही हं. नुसतं टायपिंग चाललं असेल तर तोही मंद आचेवरच असतो. पण व्हिडिओवरचा तास घ्या, कॅमेरा चालू, पडदा दाखवणं चालू, की भूक वाढते. त्यातून कंपन्या बहुधा ‘एच’सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड देतात, ते निराळं खातं. माझ्यात ते होतं. मराठीच्या बाईंना ग्राफिक्स कार्ड कशाला, हे त्या मुलानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

एक साधा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी शिकून घ्या. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बॅटरीचे वॅट-अवर दिलेले असतात. समजा, ४२ आहेत. पडद्यासकट सगळा लॅपटॉप सरासरी ७ वॅट खात असेल तर ६ तास चालेल. २१ वॅट खात असेल तर फक्त २. म्हणून लहान बॅटरीचा ‘एच’ कितीही स्वस्त मिळाला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. उलट मुलगी इंजिनिअरिंगला किंवा आर्किटेक्चरला असेल, मोठमोठी ड्रॉइंग्ज करत असेल, तर तिला ‘एच’च हवा. तिथे ‘यू’ घेऊन काटकसर केलीत तर ती रात्र रात्र पडद्याकडे बघत बसेल. तिच्यासाठी बॅटरी ७० वॅट-अवरच्या आसपासची बघा आणि चार्जर बॅगेत जाणारच, हे धरून चाला.

एएमडीच्या रायझनमध्ये आणखी एक गंमत आहे, तिथे फार जणी फसतात. २०२३ पासून आलेल्या सात हजारांच्या नंबरांत तिसरा आकडा पाहायचा, आतली रचना किती जुनी ते त्यावरून कळतं. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ सालची झेन-२. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३, म्हणजे २०२० ची झेन-३. शिवाय कोअर चाराऐवजी सहा. नाव तेच, नंबरात १० चा फरक, आणि माल निराळा! पहिल्याची रॅमही बोर्डावर पक्की बसवलेली असते, ८ जीबीची घेतलीत की जन्मभर ८ जीबीच. प्रोसेसर कुठलाही घ्या, आता १६ जीबीच्या खाली येऊ नका.

हात सैल असेल तर इंटेलची २०२४ ची कोअर अल्ट्रा २०० मालिका, शेपटीला ‘व्ही’ असलेली, वेग आणि बॅटरी दोन्ही सांभाळते. तिचीही रॅम मात्र नंतर वाढत नाही. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला चांगले, पण एखादा जुना प्रिंटर त्यांना ओळखच देत नाही. शाळेचं काम असेल तर हे आधी विचारून घ्या.

आणि माझ्यासारखा ‘एच’ आधीच घेऊन बसला असाल तर? सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर ‘पॉवर मोड’ असतो. बॅटरीवर असताना तो ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा. माझे सव्वा तासाचे पावणेदोन तास झाले. अहो, त्यात समासाचा तास पुरा होतो!

गेल्या दिवाळीत तो लॅपटॉप मी धाकट्या दिरांच्या मुलाला दिला. तो आर्किटेक्चरला आहे, भलताच खूश आहे. जाऊबाईंनी त्याची योग्य किंमत दिली, नाही म्हटलं तरी ऐकल्या नाहीत. त्यात थोडे घालून मी ‘यू’वाला घेतला. परवा संध्याकाळी पाच वाजता वीज गेली ती साडेआठला आली. सातच्या सुमारास मुलीच म्हणाल्या, “बाई, आता पुरे ना!”